भट्टीवरचं इंग्रजी

माझ्या शिकवण्याची पहिली खरी तपासणी शिक्षणखात्याच्या कुणा साहेबाने केली नाही. ती एका बापाने वर्गाच्या खिडकीत उभं राहून केली.

गोष्ट पन्नासच्या दशकातली, चिंचवडची. लग्न होऊन मी तिथे आले तेव्हा बी.ए., बी.टी. झालेली सून म्हणून गावाला माझं थोडं अप्रूप होतं आणि सासूबाईंना थोडी काळजी. यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. पुढे हेडमास्तर एकदा घरी आले आणि आठवीचं इंग्रजी घ्याल का म्हणून विचारून गेले. तेव्हा इंग्रजी आठवीपासून सुरू होई. म्हणजे माझ्यापुढे येणारी मुलं चांगली तेरा-चौदा वर्षांची. चिंचवड, पिंपरी, आकुर्डीची, काही तर मोशीहून चालत येणारी. स्टेशनाच्या पाटीवरची अक्षरं एवढीच त्यांची इंग्रजीशी ओळख.

तोवरची रीत अशी होती की मास्तर इंग्रजी वाक्य वाचत, लगेच त्याचं मराठी सांगत, आणि मुलं ते मराठी पाठ करीत. या रीतीने मुलं मॅट्रिक होत, पण कुणी समोरून इंग्रजीत नाव विचारलं की खाली मान घालून उभी राहत. याचं कारण साधं आहे. मागून मराठी येणारच आहे हे ठाऊक असलं की आधीच्या इंग्रजीकडे कोण कशाला लक्ष देईल? म्हणून मी ठरवलं, पहिले काही आठवडे वर्गात मराठीचा शब्द काढायचा नाही.

मी दाराशी जायची, कडीला हात घालायची आणि कडी काढता काढता म्हणायची, 'आय अ‍ॅम ओपनिंग द डोअर.' दार उघडून झाल्यावर हे वाक्य म्हणायचं नाही, हे यातलं मर्म. कारण तेव्हा ते खोटं झालेलं असतं. हात कडीवर असतानाच तोंड चाललं पाहिजे. मग मी दोन्ही हात वर करून 'अगेन' म्हणायची आणि सगळ्या वर्गाने मिळून ते म्हणायचं, मग एका रांगेने, मग एकेकट्याने. घोळक्यात म्हणताना कुणाला लाज वाटत नाही, आणि एकट्यावर पाळी येईपर्यंत जीभ वळलेली असते.

शेजारच्या वर्गातले संस्कृतचे शास्त्रीबुवा मला म्हणाले, "बाई, तुमच्या तासाला दाराच्या बिजागऱ्या झिजतील." मी म्हटलं, झिजू देत.

किसनराव आले ते अशाच एका दिवशी. पिंपरी गावातले शेतकरी. पवनेच्या काठचं त्यांचं रान नुकतंच एका नव्या कारखान्यासाठी गेलं होतं. डोक्याला मुंडासं, अंगात बंडी, चेहऱ्यावर तक्रार. त्यांची मुलगी हौसा माझ्या वर्गात होती. आठवीत पाठवलेल्या मुली तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातली ही एक.

"पोरगी भाकरी थापताना सोताशीच 'आय अ‍ॅम, आय अ‍ॅम' करती," ते म्हणाले. "हिच्या आईला वाटलं, काही लागीर झालं. बाई, तुमी शिकवताय का सोंग करताय?"

मी त्यांना म्हटलं, "तास सुरू होतोय. खिडकीशी उभे राहा आणि बघा. मग ठरवा पोरगी ठेवायची का न्यायची."

ते उभे राहिले. त्या दिवशी मी एक कापडी पिशवी घेऊन गेले होते. प्रश्न विचारायला शिकवताना आम्हा मास्तर लोकांची एक जुनी खोड असते. आपण स्वतःच्या नाकाला बोट लावून 'हे काय आहे' असं विचारतो. मुलांना वाटतं, बाईंना स्वतःचं नाक ठाऊक नाही. उत्तर खरोखरच ठाऊक नसेल तरच प्रश्नाला जीव येतो. म्हणून मी पिशवीत काहीतरी लपवायची आणि मुलांनी इंग्रजीत विचारून ते ओळखायचं. 'इज इट अ बॉल?' 'नो.' 'इज इट अ मँगो?' 'नो.' मुलं अगदी बाकांच्या कडेवर येऊन बसली होती. शेवटी खिडकीतून आवाज आला.

"पेरू हाय त्यो. हितवर वास येतोय."

वर्ग हसला. मी पिशवीतून पेरू काढला आणि खिडकीकडे वळून म्हटलं, "यस, इट इज अ ग्वावा." किसनरावांनी मुंडासं सारखं केलं. तास संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "चालू द्या." हौसाची शाळा टिकली, आणि मला वाटलं प्रकरण तिथेच संपलं.

पुढच्या थंडीत ते पुन्हा आले. या वेळी अंगात खाकी शर्ट होता आणि खाली तशीच पँट, जी त्यांना अजून परकी वाटत होती हे त्यांच्या चालण्यावरून दिसत होतं.

ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरटी एकाला कारखान्यात नोकरी द्यायची असं ठरलं होतं. कारखाना काचेच्या बाटल्यांचा. भट्टी उभारायला आणि माणसं तयार करायला परदेशातून एक इंजिनियर आणला होता. त्याचं नाव हान्स. लोक त्याला हंससाहेब म्हणत. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं, आणि भट्टीवरच्या माणसांना इंग्रजी येत नव्हतं. हातवाऱ्यांवर काम चाललं होतं.

मग एक दिवस अपघात झाला. भट्टीतून निघालेली बाटली लाल असते तोवर कुणी तिच्या वाटेला जात नाही. पण काच थोडी निवली की ती गार काचेसारखीच दिसते, आणि तरी हाताची कातडी सोलून काढील इतकी तापलेली असते. बबन नावाचा एक जवान गडी अशाच बाटल्यांच्या रांगेशी उभा होता. हंससाहेब लांबून ओरडला, "हॉट, हॉट." त्याच्या तोंडून तो शब्द 'हाट' असा काहीतरी निघाला. बबनला वाटलं, साहेब 'हात, हात' म्हणतोय. त्याने पटकन हात पुढे केला आणि बाटली उचलली.

"तळहात असा सोलून निघाला," किसनराव म्हणाले. "दवाखान्यात त्यो एकच सांगत हुता. साहेबच हात म्हनला, म्हनून लावला."

मॅनेजरने त्यानंतर फर्मान काढलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी चाचणी घेणार. साहेबाचं इंग्रजी ज्याला कळेल तो भट्टीवर राहील. ज्याला कळणार नाही त्याने बागेत नाहीतर मातीकामावर जायचं.

"बागकाम वाईट थोडंच आहे," मी म्हटलं.

किसनराव म्हणाले, "बाई, आमचं रान घेतलं तवा सांगितलं, तुमाला यंत्रावरचं मानूस करू. आता म्हनत्यात, तुमाला अक्कल न्हाई, जा माती उकरा. माती उकरायची तर आमची आमाला काय वाईट हुती?"

मी या मंडळींना इंग्रजी शिकवायचं ठरवलं. हेडमास्तरांनी शाळा सुटल्यावरचा वर्ग मला दिला. सव्वीस वर्षांच्या बाईने मिशीवाल्या पुरुषांना शिकवायचं, याची गावात कुजबुज होणार हे उघड होतं. सासूबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शिकवणं ते शिकवणं. पोरं काय नि बापये काय. दार मात्र उघडं ठेव." दार तर माझ्या पद्धतीत सारखं उघडझाप होतच असे.

पहिली पाळी सुटली की ही मंडळी येत. मुलांच्या बाकांत त्यांचे गुडघे मावत नसत, म्हणून बरेचसे भिंतीशी पाय पसरून बसत. मुलांना शिकवायची हत्यारं इथे चालणार नाहीत हे मला पहिल्याच दिवशी कळलं. चेंडू आणि बाहुली दाखवून मोठ्या माणसाला शिकवलं तर तो अपमान होतो. म्हणून मी किसनरावांना कारखान्यातून मोडक्यातोडक्या वस्तू आणायला सांगितल्या. परवानगी काढून त्यांनी एक निकामी व्हॉल्व्ह, एक हँडल, बाटल्या वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा तुकडा, चिमटा आणि पोतंभर बाटल्या आणल्या. माझं टेबल भंगारवाल्याच्या दुकानासारखं दिसू लागलं.

सुरुवात मी हुकमांपासून केली. 'टेक द बॉटल.' 'पुट इट डाऊन.' 'टर्न द हँडल टु द लेफ्ट.' 'स्टँड बॅक.' बोलायची सक्ती नाही, फक्त ऐकायचं आणि करायचं. तान्हं मूल 'चेंडू दे' म्हटल्यावर चेंडू देतं, तेव्हा त्याला स्वतःला 'चेंडू' म्हणता येत नसतं. कळणं आधी येतं आणि बोलणं मागून. हे ज्या मास्तराला पटलं त्याचा निम्मा त्रास वाचतो. बबन या बाबतीत माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी होता. हाताला अजून पट्टी होती. सांगितलेलं प्रत्येक काम तो बिनचूक करी. पण तोंडातून शब्द काढत नसे. सगळे मिळून म्हणत तेव्हासुद्धा त्याचे ओठ मिटलेले. इतर त्याला डिवचायचे, तेव्हा मी त्यांना थांबवायची.

खरी अडचण बोलण्याचा भाग आला तेव्हा झाली. माझा बेत असा की आता मंडळींनी हुकूम सोडायचे आणि मी ते पाळायचे. 'सिट डाऊन' म्हणा, मी बसते. एकही जण तयार होईना.

"बाईमानसाला, त्यातून मास्तरनीला, बस खाली म्हनायचं?" एक जण म्हणाला. "आमी न्हाई."

"यात अहो-जाहो कसं करायचं, ते सांगा," किसनराव म्हणाले. "मंग म्हनू."

मी सांगितलं, इंग्रजीत अहो-जाहो नाही. 'यू' म्हणजे तूही आणि तुम्हीही. फार तर 'प्लीज' लावा.

किसनरावांनी हे समजून घ्यायला वेळ घेतला. "म्हंजी गड्याला यू?"

"यू."

"अन् सायबाला?"

"यू."

"मॅनेजरला?"

"त्यांनाही यू."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग भिंतीशी बसलेला कुणीतरी समाधानाने म्हणाला, "भाषा बरी हाय की राव." त्या दिवसापासून शिकवणी वेगाने पुढे सरकली. 'प्लीज' मात्र त्यांनी इतकं लावलं की 'प्लीज मॅडम प्लीज सिट डाऊन प्लीज' असं वाक्य तयार झालं. मी बसायची, उठायची, बाटली उचलायची, हँडल फिरवायची. बाहेरून पाहणाऱ्याला काय वाटलं असेल ते वाटो.

मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या चुकाही मराठीच असतात, हे मला याच वर्गात नीट कळलं. खिडकी ती, म्हणून 'शी इज ओपन.' चिमटा तो, म्हणून 'ही इज हॉट.' इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंग नसतं हे सांगून पटेना. "बाटली बाईच वाटती," असं एकाचं म्हणणं. मग मी फळ्यावर तीन खण केले. पहिल्या खणात फक्त 'इट', मधल्यात 'इज', आणि तिसऱ्यात हॉट, कोल्ड, ओपन, शट, ब्रोकन असे शब्द एकाखाली एक. कुठल्याही रस्त्याने गेलं तरी वाक्य बरोबरच निघणार. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी शब्दांशेजारी चित्रं काढली. चुकायला जागाच ठेवली नाही की माणूस बोलायला धजावतो. व्याकरणाचे नियम मी कुणालाही सांगितले नाहीत.

चाचणी जवळ आली तेव्हा माझा वर्ग तयार आहे अशी माझी खात्री होती. आणि एका संध्याकाळी किसनराव पडक्या चेहऱ्याने आले.

"बाई, तुमचं इंग्रजी सायबाला येत न्हाई," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुमी म्हनता 'धिस'. त्यो म्हनतो 'झिस'. तुमी म्हनता 'वॉटर', त्यो काही तरी निराळंच बोलतो. आज त्यो बोलत हुता आनि आमी नुसतं बघत हुतो. मॅनेजर हसला."

मी रात्रीचं जेवण कसंबसं उरकलं. ओठांचा चंबू करून 'वॉटर' म्हणायला मी या लोकांना महिनाभर शिकवलं होतं. कॉलेजात इंग्रज प्राध्यापकांच्या हाताखाली शिकलेल्या बाईंकडून मी ते उच्चार घेतले होते आणि मला त्यांचा अभिमान होता. पण हंससाहेब इंग्रज नव्हताच. इंग्रजी त्यालाही शाळेत शिकून आलेलं होतं, माझ्यासारखंच. त्याची जीभ त्याच्या गावची, आमची आमच्या गावची. आणि भट्टीवर चालणार होतं ते त्याचं इंग्रजी.

यजमान म्हणाले, "मग त्यालाच बोलव वर्गावर."

इंग्रजी विषयाची पदवीधर मी, पण तोवर कुठल्याही गोऱ्या माणसाशी एक वाक्य बोललेले नव्हते. तरी निरोप पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी हंससाहेब सायकलवर बसून आला. उंच, उन्हाने लाल झालेला, चाळिशीतला माणूस. त्याने दारात टोपी काढली आणि मला 'मादाम' म्हणून वाकून नमस्कार केला. मी काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, पण आयत्या वेळी एवढंच निघालं, "प्लीज कम इन." तो आत आला आणि मुलांच्या बाकात बसला. गुडघे हनुवटीशी आले.

मी त्याला माझी अडचण सांगितली. सावकाश बोलले, तोही सावकाश बोलला, आणि आमच्या दोघांचंही इंग्रजी हळूहळू एकमेकांना कळू लागलं. मग मी त्याला टेबलाशी उभं केलं आणि माझे सगळे हुकूम त्याच्या तोंडून सोडायला लावले. 'टेक झिस बॉटल. नॉट झॅट, झिस.' माणसं आधी माझ्याकडे बघत. मी मान हलवायची नाही असं ठरवलं होतं. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली. 'झिस' म्हणजे 'धिस' हे एकदा बसलं की पुढची वाट सरळ होती. हाट म्हणजे हॉट, हे बबनने सगळ्यांत आधी ओळखलं. साहेबाने तो शब्द उच्चारताच तो दोन पावलं मागे सरला. हंससाहेबाने त्याच्या हाताकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने पुढे होऊन बबनचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

त्यानंतर मी साहेबाला पुन्हा बाकात बसवलं आणि म्हटलं, आता उलट. तुम्ही साहेबांना हुकूम करा.

कुणी हलेना. मग किसनराव उठले. शर्ट ओढून सारखा केला आणि म्हणाले, "यू. स्टँड अप."

प्लीज लावायचं ते विसरले होते. हंससाहेब बाकातून धडपडत उठला आणि ताठ उभा राहिला. किसनरावांना पुढचं काय सांगावं सुचेना, म्हणून ते घाईने म्हणाले, "थँक यू. सिट डाऊन." साहेब बसला आणि हसायला लागला, आणि मग अख्खा वर्ग हसला. त्यानंतर तो चाचणीपर्यंत जमेल तसा येत राहिला. तो आला की हौसा आमच्या घरून तांब्याभर ताक आणून ठेवी.

चाचणी कारखान्यातच झाली. हेडमास्तरांनी मला बरोबर नेलं. भट्टीची धग लांबूनही तोंडावर येत होती आणि पट्ट्यांच्या आवाजात बोलणं जेमतेम ऐकू येत होतं. त्या गोंगाटात शिकवायला हवं होतं, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. शांत खोलीत येणारी भाषा आणि यंत्रापाशी येणारी भाषा यांत केवढं अंतर असतं. पण आता उशीर झाला होता.

मॅनेजर खुर्चीवर बसला होता. हंससाहेब एकेकाला बोलावून हुकूम देत होता. माणसं हुकूम ऐकत, ओरडून पुन्हा म्हणत आणि काम करत. एकाचं डावं-उजवं चुकलं, पण त्याने स्वतःच 'नो, नो, लेफ्ट' म्हणून सुधारलं. किसनरावांनी सगळं नीट केलं आणि वर "फिनिश, सर" असंही सांगितलं.

बबनची पाळी आली. त्याने प्रत्येक हुकूम पाळला. एकदाही हात अडखळला नाही. पण तोंड मिटलेलंच. मॅनेजर म्हणाला की याला बोलता येत नाही, हा नापास. हंससाहेब त्याच्याकडे वळला. आपल्याला ऐकणारा माणूस हवा आहे, बोलणारे पुष्कळ आहेत, असं काहीसं तो तावातावाने सांगू लागला. बोलता बोलता त्याचं लक्ष यंत्रावरून उडालं आणि तो पट्ट्याकडे सरकला. त्याच्या एका बुटाची नाडी सुटून लोंबत होती आणि पट्ट्याचं चाक तिथे जमिनीलगत फिरत होतं.

"सर, स्टॉप," बबन म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण खणखणीत होता. साहेब जागच्या जागी थांबला.

"युवर शू इज ओपन."

साहेबाने खाली पाहिलं. मग चाकाकडे पाहिलं. बाजूला होऊन खाली वाकला आणि नाडी बांधली. उठून म्हणाला, "सँक यू, बबन."

'शू इज ओपन' हे इंग्रजी नव्हे. फळ्यावरच्या तिसऱ्या खणातला 'ओपन' त्याने उचलला होता आणि बुटाला लावला होता. दुरुस्त करायला माझी जीभ शिवशिवली, इतकी ती सवय जुनी. पण बोलणाऱ्याला म्हणायचं होतं ते ऐकणाऱ्याला कळलं होतं आणि एका माणसाचा पाय वाचला होता. मी ओठ मिटून घेतले. त्यानंतर आयुष्यभर वर्गात मुलाचं वाक्य चुकत असताना मी ते आधी पुरं होऊ देत आले, ती शिस्त मला बबनने लावली.

मॅनेजरने बबनलाही पास केलं. माझा वर्ग भट्टीवर राहिला.

एक रुखरुख मात्र आहे. हौसा माझी हुशार विद्यार्थिनी. तिला अकरावीपर्यंत ठेवा, मॅट्रिक होऊ द्या, असं मी किसनरावांना परोपरीने सांगितलं. ते ऐकून घेत, मान डोलवत, आणि दहावीत असतानाच त्यांनी तिचं लग्न राजगुरुनगरकडे करून दिलं. मी लग्नाला गेले. ती माझ्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "बाई, विसरणार न्हाई." काय विसरणार नाही ते तिने सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. किसनरावांशी मी काही दिवस बोलले नाही. त्यांनीही माझी समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. त्यांच्या परीने त्यांनी मुलीला पुष्कळ शिकवलं होतं.

आमचा अबोला त्यांनीच मोडला. एकदा शाळेत येऊन म्हणाले, "बाई, मी सायबाकडं एक गोष्ट मागून घेतली. इंग्रजीत मागितली. बघाया या."

मी हंससाहेबाला विचारून कारखान्याच्या आवारात गेले. ऑफिसपुढे नवी बाग केली होती. गुलाबाचे वाफे, कडेने मेंदी, मधोमध हिरवळ. किसनराव तिथे पाटाचं पाणी वळवत होते. पायांत बूट नव्हते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"तुम्ही पास झाला होता ना?" मी विचारलं. "मग बागेत कसे?"

"पास झालो म्हनून तर मागता आलं," ते म्हणाले. "सायबाला म्हनलो, आय वाँट गार्डन. त्यो म्हनला, व्हाय? मी म्हनलो, धिस इज माय फील्ड." त्यांनी हाताने दाखवलं. "हे समदं आमचंच रान की. हितं ऊस हुता, तिकडं पेरूची झाडं. सायेब लई वेळ उभा राहिला. मंग म्हनला, ओके."

त्यांनी मला वाफे दाखवले. कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठे माती चिकण आहे, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. गुलाबाच्या ओळींमध्ये मला हिरवीगार कोवळी पानं दिसली. मी वाकून पाहिलं.

"मेथी हाय," किसनराव म्हणाले. "जागा मोकळीच ऱ्हाती. मॅनेजरला कळलं न्हाई अजून. सायबाला कळलं. त्यानं इचारलं, व्हॉट इज झिस? आनि हितं मी अडलो. म्हनून तुमाला बोलावलं. मेथीला इंग्रजीत काय म्हनत्यात?"

मी विचार करू लागले. मोठमोठे इंग्रज कवी मी अभ्यासले होते, निबंधाला बक्षीस मिळवलं होतं. पण मेथी मला इंग्रजीत कधी कुणी वाढली नव्हती. तेवढ्यात ऑफिसच्या पायऱ्या उतरून हंससाहेब आमच्याकडेच येताना दिसला.

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "मेथीच म्हणा. पान तोडून हातात द्या आणि देता देता म्हणा."

किसनरावांनी एक जुडी उपटली, मुळांची माती झटकली आणि साहेबापुढे धरली.

"धिस इज मेथी," ते सावकाश म्हणाले. आणि साहेबाने ती हातात घेतल्यावर थांबून, माझ्यासारखेच दोन्ही हात वर करून म्हणाले, "अगेन, सर. मे-थी."

"मेटी," हंससाहेब म्हणाला.

"नो," किसनराव म्हणाले. "प्लीज. मेथी."